तुम्ही विचारलंत म्हणून: कॅलिपर घरी रंगवावेत का?

कॅलिपर म्हणजे चाकाच्या आतला, चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळून गाडी थांबवणारा ब्रेकचा भाग. माझ्या गाडीचे पिवळे कॅलिपर पाहून पार्किंगमध्ये हमखास कुणीतरी विचारतं, "घरीच रंगवलेत? ब्रेकला काही होत नाही ना?" रंग योग्य जागी लागला तर काहीही होत नाही, आणि ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याने हे जरूर करावं.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे कॅलिपर बिडाचे असतात. पावसाळ्यात भिजले, त्यात कोकणातली खारी हवा लागली, की गंज चढतोच. या वरवरच्या गंजाने ब्रेक कमी लागत नाही, तसा रंगाने जास्तही लागत नाही. तरी मला हे काम मोलाचं वाटतं, कारण एरवी चाक काढून ब्रेककडे बघतो कोण? पॅड किती उरलेत, पॅडला दाबणाऱ्या पिस्टनभोवतीचं रबर चिरलंय का, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिना मोकळ्या आहेत का, हे या निमित्ताने नजरेखालून जातं. एकाच चाकातला एक पॅड दुसऱ्यापेक्षा फार झिजला असेल तर रंग राहू द्या. बहुधा पिन नाहीतर पिस्टन जाम झालेला असतो; आधी गॅरेज गाठा.

खरा वेळ सफाईत जातो. गाडी सपाट जागी, स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. ब्रेकची काळी धूळ फुंकून उडवू नका, जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने धूळ ओली करून पुसा, मग तारेचा ब्रश चालवा. रॉकेल नको. त्याचा तेलकट थर राहतो, त्यावर रंग धरत नाही, आणि रॉकेल पॅडला लागलं तर ब्रेकची पकडच जाते.

रंग ब्रशने लावायचा, खास कॅलिपरसाठीचा घ्या. सायलेन्सरसाठी मिळणारा 600 अंशांचा स्प्रे अनेकजण त्या आकड्याकडे बघून आणतात. पण असे बरेच रंग चांगलेच तापल्याशिवाय पक्के होत नाहीत, आणि शहरात फिरताना कॅलिपर तेवढा तापत नाही. मग ब्रेक ऑइलचा थेंब पडला तरी रंग सुटतो. दारं-खिडक्या रंगवून उरलेल्या ऑइलपेंटचा तर विचारच नको.

डिस्क, पॅड, पॅड सरकतात त्या जागा, रबर, गाइड पिना, ब्लीडर निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायची तोटी) यांना रंगाचा थेंबही लागता कामा नये. टेप लावायचा कंटाळा असेल तर हे काम हातात घेऊच नका. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ द्या, तेही कोरड्या हवेत. छोट्या गाड्यांना मागे बहुधा ड्रम ब्रेक असतात, त्यांना कॅलिपर नसतो, म्हणजे दोनच चाकांचं काम.

कॅलिपर जागेवरच ठेवून रंगवता येतो. काढलाच तर रबरी नळीवर लटकवू नका, तारेने बांधून ठेवा. आणि परत बसवल्यावर पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा, तोवर गाडी जागची हलवू नका.