आधी अनुराधपुर, मग बाकीचं: पालीच्या विद्यार्थ्यांची श्रीलंका सहल

श्रीलंकेच्या सहलीचा छापील कार्यक्रम ठरलेला असतो. कोलंबोला उतरा, सिगिरियाचा खडकावरचा किल्ला चढा, कँडीचं बुद्धाच्या दाताचं मंदिर, म्हणजे दंतमंदिर पाहा, वेळ उरलाच तर अनुराधपुर उरका. आमच्या पुण्यातल्या पालीच्या वर्गाची सहल ठरली तेव्हा ट्रॅव्हलवाल्यांनी पुढे केलेला कागदही असाच होता. वर्गातल्या काहींनी हट्ट धरला, मॅडमनीही तो उचलून धरला आणि कार्यक्रम उलटा झाला. सगळ्यात मोठा मुक्काम लंकेच्या प्राचीन राजधानीत, अनुराधपुरला आणि सिगिरियाला फक्त एक सकाळ. तुमचा विभाग किंवा विहारातली मंडळी जाणार असतील तर हेच करा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पुढे येईलच.

जाण्याआधी वाचायचं ते एकच, महावंस, म्हणजे लंकेचा पालीतला पद्यमय इतिहास. सगळा वाचायला जमला नाही तरी चार-पाच प्रकरणं वाचाच. सहाव्या प्रकरणात विजय नावाचा राजपुत्र लंकेला पोहोचण्याआधी सुप्पारकाला उतरतो. म्हणजे आपलं नालासोपारा. त्याच्या माणसांनी तिथे दांडगाई केली आणि जिवावर बेतलं, म्हणून त्याला पुन्हा जहाजात बसावं लागलं. बाराव्या प्रकरणात तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या तिसऱ्या धर्मसभेनंतर, कोणता थेर (ज्येष्ठ भिक्खू) कुठे गेला याची यादी आहे. तिच्यात महाधम्मरक्खित थेर 'महारट्ठ' देशी जातात आणि त्याच यादीत सम्राट अशोकाचा मुलगा महिंद लंकेला. वर्गात परीक्षेपुरतं वाचलेलं हे प्रकरण अनुराधपुरजवळच्या मिहिंतले टेकडीच्या पायऱ्यांवर बसून पुन्हा वाचलं, तेव्हा आमच्यातल्या सोपाऱ्याच्या मुलाची छाती उगाचच फुगली होती.

मुंबईहून कोलंबोचं थेट विमान अडीच तासांचं. घड्याळ बदलावं लागत नाही. प्रवासाची ऑनलाइन परवानगी निघण्याआधीच काढून ठेवा आणि तिची छापील प्रत प्रत्येकाकडे असू द्या. गटप्रमुखाच्या फोनमध्ये सगळ्यांचे कागद ठेवणं म्हणजे रांग अडवणं. आपले रुपये दुकानात चालत नाहीत. डॉलर न्यावेत आणि विमानतळावर उतरल्याबरोबर थोडे बदलून घ्यावेत. विमानतळ कटुनायकेला, कोलंबोच्या उत्तरेला आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी शहरात शिरून गर्दीत अडकण्याचं कारण नाही. गाडी सरळ अनुराधपुरकडे काढा. चार-पाच तास लागतात. कोलंबोचं राष्ट्रीय संग्रहालय परतीच्या दिवसासाठी ठेवा. सगळी स्थळं पाहून झाल्यावर तिथल्या कांस्यमूर्ती जास्त बोलतात.

आता अनुराधपुर. आपल्याकडे कार्ल्याला गर्दी असते ती एकवीरेला. शेजारच्या चैत्यगृहात लोक येतात ते बहुतेक फोटो काढायला. भाजे, बेडसे, अजिंठा सगळीकडे स्तूप आपण 'पाहतो'. त्याच्याभोवती फुलं घेऊन फिरणारा माणूस क्वचितच दिसतो. अनुराधपुरला नेमकं उलट आहे. जय श्री महाबोधीचा वृक्ष हा महिंदाची बहीण संघमित्रा हिने आणलेल्या बोधगयेच्या फांदीपासून इ. स. पू. तिसऱ्या शतकात लावलेला, अशी परंपरा सांगते. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ नोंदलेल्या झाडांमध्ये तो सगळ्यात जुना मानला जातो. प्रत्यक्षात दिसतं काय, तर उंच चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याआड, लोखंडी टेकूंवर रेललेल्या बारीक फांद्या. नुसतं पाहायला गेलेला माणूस निराशच होईल. पण खाली वाळूत पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली असतात. एका आजीबाईंनी 'नमो तस्स भगवतो' सुरू केलं आणि आमच्यातली नागपूरची मैत्रीण नकळत त्यांच्याबरोबर म्हणू लागली. चाल वेगळी, उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच. त्रिशरण झालं, पंचशील झालं. आजींना तिची भाषा कळेना, तिला त्यांची कळेना, तरी दोघी पंधरा मिनिटं एकत्र वंदना म्हणत होत्या. आम्ही बाकीचे, व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणारे, मागे गप्प बसलो होतो.

म्हणूनच वेळापत्रक पूजेच्या हिशेबाने करा, तिकीटखिडकीच्या नाही. महाबोधी आणि रुवनवेलिसाय स्तूप संध्याकाळी पाहा, शक्य असेल तर पौर्णिमेला. तिथे दर पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते, यात्रेकरूंचे लोंढे येतात आणि त्या दिवशी दारूविक्री बंद असते. गर्दीचा त्रास होतो, पण ही जागा गर्दीतच समजते. राहायची सोय मात्र आधीच करून ठेवा.

रुवनवेलिसाय हा दुटुगेमुणू राजाचा, इ. स. पू. दुसऱ्या शतकातला स्तूप. महावंसातली अठ्ठाविसाव्यापासूनची प्रकरणं याच्याच बांधकामाची आहेत. स्तूप पुरा होण्याआधी राजा मरणाला टेकला, तेव्हा त्याच्या भावाने अपुऱ्या भागावर बांबूचा सांगाडा उभारून वर पांढरं कापड चढवलं, म्हणजे राजाला डोळे मिटण्याआधी पूर्ण झालेला स्तूप दिसावा. आम्ही गेलो त्या संध्याकाळी एका गावची मंडळी लांबच लांब कापड डोक्यावर धरून वाजतगाजत प्रदक्षिणा घालत होती, स्तूपाला नेसवायला. आता गोष्ट आठवणार नाही तर काय!

पायांचं सांगायला हवं. सगळीकडे चपला बाहेर. दुपारी बारा ते तीन फरसबंदी इतकी तापते की मोठी माणसंसुद्धा उड्या मारत चालतात. मोजे चालतात, जाड सुती मोज्यांचे दोन जोड न्या आणि चपलांसाठी कापडी पिशवी. खांदे आणि गुडघे झाकणारे, फिके कपडे हवेत, मुलांनीही बर्म्युडा घालू नये. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात, सेल्फी तर नकोच. अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर ते झाकूनच ठेवा, यावरून परदेशी प्रवाशांना अडचणी आल्या आहेत. फुलं वाहायची असतील तर दारात कमळं मिळतात. ती वास न घेता वाहायची असतात.

दुपारच्या उन्हासाठी जेतवनाराम आणि अभयगिरी ठेवा, तिथे झाडी बरी आहे. जेतवनाराम हा महासेन राजाचा विटांचा स्तूप. मूळ उंची सुमारे १२२ मीटर. त्या काळात गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर जगात याहून उंच बांधकाम नव्हतं. आज ७१ मीटरच्या आसपास उरला आहे आणि तरीही पायथ्याशी उभं राहिल्यावर मान दुखते. अभयगिरीत पाचव्या शतकात फाहियान हा चिनी भिक्खू राहून गेला. तिथल्या हिरव्या रत्नाच्या बुद्धमूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा पाहून घरच्या आठवणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. विद्यार्थी म्हणून परदेशी गेलेल्या कुणालाही हा माणूस जवळचा वाटेल. संग्रहालय, अर्धचंद्रशिळा आणि कुट्टम पोकुणाची जोडतळी इथेच आहेत. तिकीट जपून ठेवा, वेगवेगळ्या ठिकाणी तपासतात. महाबोधी आणि इसुरुमुनियाचे पैसे वेगळे पडतात. आणि हो, पासपोर्ट रोज जवळ हवा. सांस्कृतिक निधीच्या मोठ्या स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना चांगली सवलत आहे, पण पासपोर्ट दाखवल्याशिवाय नाही. सिगिरियाचं परदेशी तिकीट ३० डॉलरच्या वर असल्याने वीसेक जणांच्या गटात हा फरक फार मोठा होतो.

मिहिंतले अनुराधपुराहून तेरा-चौदा किलोमीटरवर. महिंद आणि देवानंपिय तिस्स राजाची भेट झाली ती टेकडी. पायऱ्या १८४०, पण रुंद आणि सावलीच्या; गुडघे दुखणाऱ्यांसाठी गाडी बऱ्याच वर जाते. पायथ्याच्या प्राचीन रुग्णालयाचे अवशेष चुकवू नका. माणसाच्या आकारात कोरलेली औषधांची दगडी द्रोणी तिथे आहे.

पोलोन्नरुवाला सायकली भाड्याने घ्या. अवशेष पसरलेले आहेत, रस्ते सपाट आहेत आणि बसमधून चढउतार करण्यात अर्धा दिवस जातो. तिकीट तलावाजवळच्या संग्रहालयात मिळतं, म्हणून आधी तिथेच जा. इमारतींच्या प्रतिकृती पाहून मग अवशेष समजतात. चोळांनी दहाव्या शतकाच्या शेवटी अनुराधपुर जिंकलं आणि राजधानी इथे आणली, त्यामुळे बुद्धमंदिरांच्या बरोबरीने दगडी शिवमंदिरंही दिसतात. बुद्धाच्या दंतधातूच्या रक्षणाची हमी देणारा, वेळैक्कार नावाच्या दक्षिण भारतीय सैनिकांचा शिलालेख तमिळमध्ये आहे. आजच्या राजकारणातली सिंहली-तमिळ विभागणी घेऊन आलेल्यांनी त्याच्यापुढे जरा वेळ थांबावं. गल विहाराच्या मूर्ती पहिल्या पराक्रमबाहूच्या, बाराव्या शतकातल्या. पहुडलेली मूर्ती सुमारे चौदा मीटरची. डोक्याच्या भाराने दबलेली उशी दगडात दाखवली आहे, ती जवळून बघा. शेजारची हाताची घडी घातलेली उभी मूर्ती बुद्धाची की आनंदाची, यावर आमच्या गटात जेवणापर्यंत वाद चालला. अभ्यासकांचाही मिटलेला नाही. हबरणच्या रस्त्याने परतणार असाल तर अंधाराआधी निघा, तिथे हत्ती रस्त्यावर येतात.

सिगिरियाबद्दल थोडक्यात. फाटक उघडताच चढायला लागा, ऊन तापायच्या आत खाली या. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, चित्रांकडे जाणारा लोखंडी गोल जिना उंचीची भीती असणाऱ्यांना जड जातो. गांधीलमाश्यांच्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत, आरडाओरड करू नका. चित्रांचे फोटो काढायला मनाई आहे. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाच्या या अप्सरा पाहताना अजिंठा आठवणारच. आमच्यातल्या अजिंठा पाहिलेल्यांनी लगेच 'आपलं सरस' असा निकाल दिला, मला तो घाईचा वाटला. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातलं, लंका जिंकणाऱ्या सिंहल नावाच्या व्यापाऱ्याचं मोठं चित्र जाण्याआधी पाहून घ्या, म्हणजे लंकेची कल्पना इकडे कशी केली जात होती ते कळतं. मला चित्रांपेक्षा आरसाभिंत, म्हणजे एके काळी आरशासारखी घोटलेली भिंत, आवडली. शेकडो वर्षं लोक इथे चढून येत होते आणि त्या बायकांवर कविता कोरून जात होते. पुरातत्त्वज्ञ परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून प्रसिद्ध केल्या. आता कोणी कोरलं तर तुरुंग आहे. पैसे वाचवायचे असतील तर समोरचा पिदुरंगल खडक चढा, शेवटी थोडी दगडांवरची कसरत आहे, पण सिगिरिया दिसतो तो तिथूनच.

दंबुल्ल सुंदर आहे. पाच लेणी, छतभर चित्रं, तासा-दीड तासात होतं. तिकीट खालीच काढून वर चढा.

दंबुल्लहून कँडीला जाताना मातलेच्या अलीकडे अलुविहार लागतं आणि बहुतेक गाड्या तिथे मसाल्याच्या बागा दाखवायला थांबतात, विहाराला नाही. चालकाला निघतानाच बजावून ठेवा. इ. स. पू. पहिल्या शतकात, दुष्काळ आणि युद्धाने भिक्षुसंघ विस्कटलेला असताना, तोपर्यंत मुखोद्गत असलेलं तिपिटक वट्टगामणी राजाच्या काळात इथे पहिल्यांदा लिहून काढलं गेलं. आम्ही वर्गात उघडतो ती सुत्तं आपल्यापर्यंत पोहोचली त्यात या खडकांतल्या गुहांचा वाटा आहे. १८४८च्या मातले उठावात इंग्रजांनी विहाराची नासधूस केली, हस्तलिखितं गेली, पुढे पुन्हा लिहिली गेली. तिथे एक गृहस्थ ताडपत्रावर लेखणीने कोरून दाखवतात. कोरल्यावर काहीच दिसत नाही. मग काजळी आणि तेल चोळून पुसलं की अक्षरं काळी उमटतात. प्रत्येकाचं नाव लिहून मिळतं, थोडं दान द्यावं. आमच्या मॅडमनी नावाऐवजी धम्मपदातली एक ओळ लिहायला सांगितली आणि मग सगळ्यांनाच तेच हवं झालं. इथे निदान दोन तास ठेवा. तिकीट नाममात्र, गर्दी नाही.

कँडीच्या दंतमंदिरात संध्याकाळची पूजा साडेसहाच्या सुमारास असते. पाऊण तास आधी रांगेत राहा, तपासणी कडक आहे, कारण १९९८ साली तिथे बॉम्बस्फोट झाला होता. प्रत्यक्ष दात दिसत नाही, दिसते ती सोन्याची मंजूषा, तीही क्षणभर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत आले होते, त्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांसाठी या देशाला वेगळं महत्त्व होतं. जुलै-ऑगस्टमधल्या पेराहेरा मिरवणुकीच्या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात. विद्यार्थ्यांच्या खिशाला ते परवडणारे नाहीत.

खाण्याचे हाल होत नाहीत. भात आणि चार-पाच भाज्या सगळीकडे मिळतात, सकाळी आप्पम नाही तर इडिअप्पम, गोड म्हणून म्हशीचं दही आणि कितूल ताडाचा पातळ गूळ. शाकाहाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे सांबोलात आणि भाज्यांतही 'उंबलकड' म्हणजे सुक्या माशाचा चुरा असतो आणि तो असला तरी वाढणारा त्याला शाकाहारीच म्हणतो. 'उंबलकड नको' एवढं स्पष्ट सांगावं. तिखट आपल्या कोल्हापूरकरांनाही पुरेल इतकं. रिक्षा फोनवरच्या ॲपने बोलवा, घासाघीस वाचते.

अनुराधपुर-पोलोन्नरुवाचा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही, तो ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो. म्हणजे दिवाळीची सुट्टी या सहलीला वाईट. फेब्रुवारी-मार्च उत्तम, आणि ऊन सोसत असेल तर जूनमधली पोसोन पौर्णिमा. महिंदाच्या आगमनाचा तो दिवस मिहिंतलेला साजरा होतो आणि वाटेवरच्या दानशाळांमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला फुकट जेवायला बसवतात.