स्क्रॅचवरचा गेम शेअर करण्याआधी आणि नंतर

मुलांनी स्क्रॅचमध्ये (ठोकळे म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करण्याची वेबसाइट) केलेला गेम त्यांच्या हातात नीट चालतो. दुसरा खेळायला बसला की खोट दिसते. नेहमीची चूक म्हणजे गेम सुरू करणारा हिरवा झेंडा पुन्हा दाबला तरी स्कोअर आधीचाच राहतो, मांजर कोपऱ्यातच अडकलेलं. व्हेरिएबलची (स्कोअरसारखा आकडा साठवणाऱ्या खणाची) किंमत आणि स्प्राइटची (मांजरासारख्या पात्राची) जागा स्क्रॅच आपणहून पूर्ववत करत नाही. म्हणून झेंड्याच्या ब्लॉकखाली लगेच स्कोअर 0 करा, मांजर एक्स 0, वाय 0 वर, म्हणजे पडद्याच्या मध्यावर आणा.

शेअर करायला खात्याचा ईमेल पडताळलेला लागतो. कोणती बटणं वापरायची ते सूचनांच्या चौकटीत लिहाच.

खरा फायदा रीमिक्सचा, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोजेक्टची आपली प्रत करून ती बदलण्याचा. कोणीही आतले ब्लॉक उघडून आपल्या प्रतीत बदलतं, मूळ प्रोजेक्टचं श्रेय आपोआप दिसतं. कोणी उडीचा वेग बदलला असेल, तर दोन्ही प्रोजेक्ट शेजारी-शेजारी उघडा आणि नेमका कुठला ब्लॉक बदलला ते मुलांनाच शोधू द्या.