पहाटे तीन आणि किल्ल्यांचा डबा

यावेळी घरी 16 दिवस मिळाले होते आणि त्यातल्या शेवटच्या आठवड्यात काय केलं ते विचारू नका. म्हणजे बँकेतली कामं झाली, बाबांची डोळ्यांची तपासणी झाली, नातेवाईक येऊन बघून गेले (एकाच संध्याकाळी "किती बारीक झालीस" आणि "अंग धरलंस हं" दोन्ही ऐकलं), फोटो काढले. कामं सगळी झाली. भेट मात्र झाली ती पहिल्या आठवड्यात, रात्री तीन वाजता, आणि तीसुद्धा जेट लॅगच्या कृपेने.

मी राहते तिथलं घड्याळ घरच्यापेक्षा 9 तास मागे आहे. म्हणजे घरी रात्रीचे तीन वाजले की माझ्या शरीरात संध्याकाळचे सहा, ऑफिस सुटायची वेळ, डोकं एकदम चालू. शरीराला साधारण दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो म्हणतात, तर माझे नऊ दिवस असेच जाणार हे मला माहीत होतं. तरी पहिल्याच सकाळी शहाणपणा करून उन्हात फिरायला गेले, कारण प्रत्येकजण हेच सांगतो, सकाळचं ऊन घ्या, लगेच सेट होतं. नंतर वाचलं की पूर्वेकडे एवढा मोठा फरक असेल तर सुरुवातीला सकाळचं ऊन उलटंच काम करतं, कारण शरीराच्या हिशेबात अजून रात्रच पडायची असते आणि त्या वेळेला उजेड मिळाला की ते झोप आणखी पुढे ढकलतं. म्हणजे मीच माझा जेट लॅग वाढवून घेतला. आता वाटतं बरंच झालं.

तर पहिल्या रात्री तीनला पाणी प्यायला उठले, अंधारात चाचपडत हॉलमध्ये आले आणि समोर टेबललॅम्पच्या उजेडात बाबा बसलेले. मी ओरडणारच होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, आतल्या खोलीकडे मान हलवली. आई झोपली होती.

समोर पत्र्याचा जुना डबा उघडा, आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर किल्ल्या. चाळीसेक तरी असतील. लांब दांड्याच्या, चपट्या, गंजलेल्या, सुटकेसच्या त्या नखाएवढ्या, दोन तर अर्ध्या तुटलेल्या.

"हे काय, बाबा?"

"घरातल्या सगळ्या किल्ल्या. कुठली कशाची, लावून बघतोय."

"रात्री तीनला?"

"दिवसा काढल्या तर तुझी आई भंगारात देईल."

बाजूला पुठ्ठ्याचे बारीक चौकोन कापून ठेवलेले, त्याला भोक, भोकात दोरा. कुलूप सापडलं की बॉलपेनने नाव लिहायचं, किल्लीला बांधायचं, डब्यात टाकायचं. 'गच्ची'. 'मोठं कपाट, डावं दार'. आणि जिचं काहीच सापडत नाही तिलाही चिठ्ठी होतीच: 'माहीत नाही - 1', 'माहीत नाही - 2'. मी म्हटलं, माहीत नाही तर टाका ना. तर म्हणाले, कुलूप सापडलं तर?

याला काय बोलणार. मीही बसले दोरे ओवायला.

वय झालं की झोप हलकी होते आणि शरीराचं घड्याळ लवकर धावायला लागतं, हे मला पुस्तकी माहीत होतं. (2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच घड्याळावरच्या कामाला मिळालंय, फळमाशीवर केलेल्या. माशीलाही घड्याळ असतं म्हणे, फक्त तिला बहुतेक विमान नसतं.) पण आपले बाबा रोज रात्री असे एकटे हॉलमध्ये बसतात हे माहीत नव्हतं. फोनवर ते चार वाक्यं बोलतात. बरंय, तू बरी आहेस ना, थंडी आहे का, आईला देतो. इथे हातात किल्ली असली की बोलत होते. एक किल्ली त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिली, ती त्यांच्या ऑफिसच्या टेबलाच्या ड्रॉवरची. रिटायर झाले त्या दिवशी सही करून सगळं परत दिलं आणि ही खिशातच राहिली. "नंतर नेऊन द्यायची लाज वाटली," म्हणाले. मग डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री किती घाबरले होते ते सांगितलं. आईलाही माहीत नाही, मला तर फोनवर "किरकोळ असतं गं ते" असं सांगितलं होतं. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, दोऱ्याला गाठ मारत होते.

असं सात-आठ रात्री चाललं. माझ्या सुटकेसची किल्ली शोधायला एकदा मी पण माझी पर्स त्याच टेबलावर उपडी केली.

नवव्या-दहाव्या दिवशी मी रात्री अकराला झोपले ती सकाळी सातला उठले. आई खूश, "चला, लागली बाई झोप." टेबलावर वर्तमानपत्र घडी घालून ठेवलेलं, डबा बंद. पुढच्या रात्री मी चक्क तीनचा अलार्म लावून उठले. पण डोळेच उघडेनात, एक दोरा तीनदा सुटला. "जा, झोप जा," बाबा म्हणाले. आणि मी गेले हो. याचंच वाईट वाटतं.

परतीच्या प्रवासाबद्दल एवढंच की आईने पॉवर बँक प्रेमाने कपड्यांच्या घडीत, चेक-इनच्या बॅगेत खुपसली होती. लिथियम बॅटरी आगीच्या भीतीने खालच्या सामानात चालत नाही, ती जवळच ठेवावी लागते, त्यामुळे काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून सगळ्या रांगेला माझे टॉवेल दाखवून झाले.

पश्चिमेला जाताना त्रास कमी होतो. शरीराचा दिवस मुळात 24 तासांपेक्षा जरासा मोठा असतो, तो ताणणं सोपं जातं. कमी म्हणजे काय तर संध्याकाळी सातला मान पडते आणि पहाटे चारला टक्क जाग. तिसऱ्या दिवशी ऑफिस, फ्रीजमध्ये खडखडाट, आणि खाली पोस्टाची पेटी पत्रांनी ओसंडून वाहतेय, तिची किल्ली सापडेना. पर्स, कोट, सुटकेसचे सगळे कप्पे, कुठेच नाही.

पहाटे चारला उठून बसले आणि घरी फोन लावला. तिकडे दुपारचा एक. म्हटलं आता बाबांशी निवांत बोलू. फोन आईने उचलला, कुजबुजत.

"अगं, ते झोपलेत. रोज दुपारी ढाराढूर झोपतात, रात्री काय करतात देव जाणे. उठवू का?"

"नको नको. तू एक कर, त्यांचा तो पत्र्याचा डबा आहे ना, त्यात बघ. छोटी, चपटी, पिवळसर किल्ली."

खडखडाट ऐकू आला. बराच वेळ.

"आहे एक तसली," आई म्हणाली. "चिठ्ठी लावलीये. 'माहीत नाही - 6'."