हो, पाहुण्यांनाही पेजच

"पाहुणे घरात असताना सकाळी पेज वाढता, बरं दिसतं का ते?" हे मला बाहेरच्यांपेक्षा नात्यातलीच माणसं जास्त विचारतात. पेज म्हणजे आजाऱ्याचं पथ्य, नाहीतर घरात काही नसतानाचं जेवण, असं त्यामागे असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

टंचाईचं म्हणाल तर ते खरंच आहे. मूठभर तांदळात पाणी वाढवून कोकणातल्या कितीतरी घरांनी पावसाळे काढलेत. ते दिवस ज्यांना आठवायचेही नाहीत, त्यांना मी आग्रह करत नाही. पण पहाटे जोत घेऊन गेलेला माणूस दहा-अकराला बांधावर बसायचा, तोही पेजेलाच. घामावाटे गेलेलं पाणी, मीठ आणि अंगी लागणारा तांदूळ, सगळं एकदम मिळायचं आणि पोट जड न होता पुन्हा चिखलात उतरता यायचं. कष्टकऱ्याचं जेवण कमी दर्जाचं कसं ठरलं, हे मला आजवर पटलेलं नाही.

आजाऱ्याचं म्हणाल, तर पंचकर्मानंतर आयुर्वेदही आधी पातळ पेया आणि मग दाट विलेपी देतो, दोन्ही पेजेचेच प्रकार. ढाक्यात १९८० च्या दशकात कॉलऱ्याच्या रुग्णांना साखरेऐवजी तांदळाचं पीठ घातलेली जलसंजीवनी देऊन पाहिली, तेव्हा जुलाबाचं प्रमाण घटलं. इतक्या अशक्त शरीराला जे पेलतं, ते धडधाकट माणसानं खाल्लं तर त्यात कमीपणा कसला?

पेज चांगली मात्र हवी. तांदूळ उकडाच घ्यायचा. भात सालासकट भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग भरडतात, त्यामुळे कोंड्याकडचं ब जीवनसत्त्व बरंचसं दाण्यात मुरतं. शिवाय हा दाणा शिजून मऊ झाला तरी अख्खा राहतो. पांढऱ्या तांदळाची पेज मला आवडत नाही, तिची खळ होते. टोप मोठा घ्या, पाणी सढळ घाला आणि कुकरच्या वाटेला जाऊ नका. उकळी आली की आच मंद करायची. शीत दोन बोटांत धरून चेपायचं. मधे कणी लागली नाही की मीठ घालून उतरवायचं. निवताना पेज आळते, म्हणून गरम पाणी हाताशी ठेवावं. वर धरलेला पातळ पापुद्रा मी मोडत नाही, तो ज्याच्या वाडग्यात जाईल तो नशीबवान.

सोबत खारातली कैरी, चवळीची उसळ, चालत असेल त्याला भाजलेला सुका बांगडा. तूप मी घालत नाही, त्यानं तांदळाची चव दबते.

जपानात ७ जानेवारीला सात पाल्यांची तांदळाची पेज मुद्दाम करतात. केरळात पावसाळ्यातल्या कर्कटक महिन्यात औषधी कंजी, म्हणजे पेजच, घेतात. तिथे या जेवणाला पंचांगात जागा आहे. आपल्याकडे ते दार लोटून जेवायचं झालं, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून पाहुण्यांनाही मी पेज वाढते, चांगल्या कांशाच्या वाडग्यात. कोणाला नको असेल तर पोहे असतातच. वयस्कर पाहुणे बहुधा पोह्यांकडे बघतही नाहीत.