विठ्ठलाशी भांडत भांडत पंढरपूर

कोर्टात घटस्फोटाचा निकाल मे महिन्यात लागला आणि जूनमध्ये मी आळंदीला, म्हणजे ठरवून वगैरे काही नाही, ऑफिसमधल्या एका ताईंची दिंडी आषाढी वारीत माउलींच्या रथामागे असते, त्यांनी विचारलं येतेस का, आणि घरात भिंतींकडे बघत बसून तरी काय करणार होते. खरं सांगायचं तर भक्ती कमी आणि राग जास्त होता. एवढ्या वर्षांचा संसार मोडला आणि जो तो म्हणत होता "देव करतो ते भल्यासाठीच". हे वाक्य तर नुसतं डोक्यात जायचं.

पुणे ते सासवड हा टप्पा लांब, त्यात शेवटी दिवे घाट. सगळे नाचत, फुगड्या घालत चढतायत आणि मी मधेच रडायला लागले. शेजारी परभणीकडची एक आजी, डोक्यावर तुळस. तिने सरळ विचारलं मालक कुठंयत, मी सांगितलं सुटले आम्ही एकमेकांपासून. मला वाटलं आता ही पण सुरू होणार. तर म्हणाली, "लई वाईट झालं बाई. चाल, थांबलीस की पाय धरतेत." बस एवढंच! वाल्ह्याच्या मुक्कामात कळलं की तिचा तरणा मुलगा ॲक्सिडेंटमध्ये गेला होता आणि त्या वर्षीही तिने वारी चुकवली नव्हती. "रडत गेले, त्याला शिव्या देत गेले, पण गेले." 'त्याला' म्हणजे पांडुरंगाला.

एका रात्री कीर्तनात महाराज तुकोबांचं सांगत होते, दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको गेली, पोरगं गेलं, तरी तुकोबा देवाला म्हणाले बरं झालं. आजी माझ्या कानात, "ते तुकोबानंच म्हणावं, आपल्याला नाही जमायचं." मला इतकं हसू आलं, कित्येक महिन्यांनी आलं असेल.

पण मला खरी आवडली ती समाज आरती. मुक्कामाला पालखी आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ, आणि चोपदारांनी, म्हणजे पालखीची शिस्त सांभाळणाऱ्यांनी, दंड वर केला की एका क्षणात सगळं शांत, एवढे लोक पण एक आवाज नाही. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, काय झालंय ते ऐकून घेतात आणि मगच आरती होते. मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे तक्रार असलेल्याला गप्प बसवत नाहीत की बाहेर काढत नाहीत, त्याने तिथेच उभं राहून टाळ वाजवायचा आणि सकाळी सगळ्यांबरोबर परत चालायला लागायचं. त्या रात्री तंबूत आडवी पडले तेव्हा वाटलं की मी देवावर विश्वास उरला नाही म्हणत होते ते खोटंच, विश्वास नसता तर इतकी भांडले कुणाशी असते?

नंतर नीरा स्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, वारकऱ्यांच्या रांगांमधून धावत घोडा गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला लोकांची झुंबड, त्यात मीही घुसले. ह्यातलं शब्दात फार काही सांगता येत नाही, बघायलाच हवं.

पंढरपूरला दर्शनाची रांग बघून मी हबकले. आजी म्हणाली, "कळसाला हात जोड, पोचतं." ती दरवर्षी तेच करते. मी कळसाकडे बघून आधी माझी तक्रारच सांगितली, मग म्हटलं आता भाड्याच्या घरात सामान लावायचंय, बँकेत, आधारवर नाव बदलायचंय, तेवढं बरोबर रहा. उत्तर काही आलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही, ह्याचंच आश्चर्य.

पुढच्या वर्षी सगळी वारी नाही जमली तर लोणंदपासून तरी जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर सांगा, आणि नवे बूट घेऊ नका, जुनेच घाला.