चौदाशेचे लिव्हर, दिवे घाट आणि नंतरचे रिअरसेट

गाडी पार्किंगमध्ये उभी असताना पडली. चालवताना पडली असती तर निदान सांगायला काही किस्सा तरी झाला असता. शेजारची ॲक्टिव्हा बाहेर काढताना कुणाचा तरी धक्का लागला आणि माझी यामाहा आर-वन-फाइव्ह (व्हर्जन थ्री, बीएस-६) उजव्या अंगावर आडवी झाली. पुढच्या ब्रेकचा लिव्हर टोकाच्या गोळ्यापासून दोन बोटं अलीकडे तुटला. उरलेला भाग तीन बोटांना पुरत होता, म्हणून मी तसाच आठवडाभर हिंडलो.

कंपनीचा नवा लिव्हर काही शे रुपयांत आला असता. पण लिव्हर बदलायचाच आहे तर चांगला लावू, असं एकदा डोक्यात आलं की ते निघत नाही. शनिवारी पुण्याच्या नाना पेठेत गेलो. तिथे एका दुकानात काचेखाली लाल, सोनेरी, निळे लिव्हर दिवाळीच्या कंदिलांसारखे मांडून ठेवलेले. आखूड, घडी होणारे, सहा टप्प्यांवर पुढेमागे करता येणारे. जोडी चौदाशेला. त्यावर एका नामांकित कंपनीचं नाव कोरलेलं होतं आणि त्या कंपनीची खरी जोडी या किमतीत येत नाही, हे मला माहीत होतं. तरी घेतली. ‘भाऊ, शंभर गाड्यांना लावलीय, एक तक्रार नाही,’ असं दुकानदार म्हणाला आणि मला तेच ऐकायचं होतं.

लिव्हर मी घरीच बसवले. एक बोल्ट, एक नट, दहा मिनिटांचं काम. लिव्हर दाबला की ब्रेक एकदम कडक, अजिबात ढिलाई नाही. मला वाटलं, वा, काय फील आहे!

पुढच्या रविवारी सासवडहून परतताना दिवे घाट उतरत होतो. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला तेव्हा गाडी जड वाटायला लागली. ॲक्सिलरेटर दिला तरी ओढत नव्हती. वाटलं चेन घट्ट झाली असेल. मग पुढून जळका वास आला. कडेला घेईपर्यंत गाडी आपली आपणच थांबली आणि पुढचं चाक जाम. लिव्हर सोडलेला, तरी ब्रेक लागलेला. डिस्कजवळ हात नुसता नेला तरी धग लागत होती.

आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक मामांना फोन लावला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘लिव्हर नवीन टाकलास का?’ हो म्हटल्यावर म्हणाले, ‘त्याचा बोल्ट काढ, लिव्हर बाहेर ओढ.’ सीटखालचा पाना काढून लिव्हर सोडवला. आतलं पिस्टन जेमतेम दिसेल इतकं बाहेर सरकलं आणि चाक मोकळं झालं. इतकंच!

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मामांनी जे दाखवलं ते समजायला मला दहा वर्षं गाडी चालवूनही वेळ लागला होता. लिव्हरच्या पिस्टनने ब्रेकचं तेल जिथून चाकाकडे ढकललं जातं त्या मास्टर सिलिंडरमध्ये, ते तेल परत हँडलवरच्या त्याच्या छोट्या टाकीत जायला एक बारीक भोक असतं. लिव्हर सोडला की पिस्टन पूर्ण मागे येतं आणि ते भोक उघडं पडतं. ब्रेक तापला, तेल फुगलं, तर जास्तीचं तेल तिथून वर जातं. माझ्या नव्या लिव्हरचं पिस्टनवर टेकणारं नाक किंचित लांब होतं, त्यामुळे लिव्हर सोडलेला असतानाही ते पिस्टनला अर्धा मिलिमीटर आत दाबून ठेवत होतं. भोक बंद. म्हणजे पॅड डिस्कला घासणार, त्याने तेल तापणार, तापलं की फुगणार, फुगलं की पॅड आणखी दाबणार. मला जो ‘कडक फील’ वाटला होता तो हाच. मामांनी जुना तुटका लिव्हर लावून दाखवला: टोकाशी तीन-चार मिलिमीटर मोकळी चाल, मग पिस्टन लागतं. ती मोकळी चाल म्हणजे ढिलाई नव्हे, ती तिथे असायलाच हवी.

बाय द वे, त्या दिवशी मी घाटातून घरी आलो तो त्याच तुटक्या लिव्हरवर. मित्राने तो माझ्या आईकडून घेतला आणि हडपसरवरून वर आणून दिला. आईने तो रद्दीच्या पिशवीतून शोधून काढला होता.

दुसऱ्या वेळी शहाणपण आलं होतं. लिव्हर घेताना रंग सोडून बाकी सगळं पाहिलं. माझ्याच मॉडेलसाठी, माझ्याच वर्षासाठी बनवलेला आहे का. बिजागरीत बुश (बोल्टभोवतीची धातूची नळी) आहे की नुसतं भोक. ब्रेकलाइटच्या बारीक स्विचवर टेकणारा भाग नीट आहे का. (पहिल्या जोडीने हाही घोळ केला होता, दिवा मधूनच पेटायचा नाही.) आणि लांबी. आखूड लिव्हर दिसायला झकास असतो, पण तो शेवटी तरफच आहे. बिजागरीपासून १२० मिलिमीटरवर बोटं ठेवून जेवढा जोर लागतो, तेवढ्याच कामाला ९० मिलिमीटरवर एक तृतीयांश जास्त लागतो. ब्रेकला मी दोनच बोटं वापरतो, म्हणून तिकडे मध्यम लांबीचा, घडी होणारा घेतला. क्लचला पूर्ण लांबीचा. आर-वन-फाइव्हला असिस्ट-स्लिपर क्लच असल्यामुळे तो मुळातच हलका आहे, आखूड चालून गेला असता. पण संध्याकाळी सहाला युनिव्हर्सिटी चौकात अडकलेल्या माणसाने हा वाद घालू नये. जोडी पावणेपाच हजारांना पडली. टोकाला गोळा हवाच, हेही पाहिलं. रेसिंगच्या नियमांत तो किमान १६ मिलिमीटर व्यासाचा लागतो. कारण उघड आहे, पडताना धारदार टोक कुणाच्या तरी अंगात घुसू नये.

रिअरसेटचं, म्हणजे फुटरेस्ट आणि पायाखालचे पॅडल वर-मागे नेणाऱ्या किटचं, वेड कोल्हापूरला लागलं. तिथल्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर एक दिवस गेलो होतो आणि उजव्या वळणावर बुटाचं टोक सारखं घासत होतं. मी लगेच ठरवलं, फुटरेस्ट वर घ्यायला हवेत. तिथल्या शिकवणाऱ्याने माझा पाय पाहिला आणि म्हणाला, ‘चवडा फुटरेस्टवर ठेव, बदकासारखा पाय बाहेर कशाला काढतोस?’ चवड्यावर आलो आणि घासणं जवळजवळ थांबलं. म्हणजे खरं तर विषय तिथेच संपायला हवा होता. मी मात्र घरी येऊन रिअरसेट बघत बसलो.

या वेळी पैसे टाकण्याआधी एक उद्योग केला. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी ठेवणारा स्टँड) घेतली, प्लायवूडचे तुकडे एकावर एक ठेवून फुटरेस्टला चिकटपट्टीने बांधले आणि हेल्मेट घालून वीस मिनिटं पार्किंगमध्येच बसलो. ४० मिलिमीटर उंचीवर गुडघे ओरडायला लागले. २० ला ठीक वाटलं. वॉचमनकाका येऊन विचारून गेले, ‘गाडी चालू होत नाही का?’

म्हणून तीन-चार भोकांचं, जागा बदलता येणारं किट घेतलं, साडेनऊ हजारांना. घेताना दुकानातच गिअरचा पॅडल हातात धरून हलवून पाहिला. स्वस्तातल्या किटमध्ये तो डावी-उजवीकडे डुलतो आणि मग गिअर धड पडत नाहीत. याला बेअरिंग होतं. फुटरेस्ट स्प्रिंगवर दुमडणारे घेतले. ट्रॅकवाले पक्के लावतात, पण रस्त्यावर वाकलेल्या गाडीचा पक्का फुटरेस्ट डांबराला अडला तर मागचं चाक उचललं जाऊ शकतं. मागच्या सीटचे फुटरेस्ट काढायचे नाहीत, हे आधीच ठरलेलं. बायको बसते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये मागे बसणाऱ्यासाठी फुटरेस्ट आणि धरायला हँडल सांगितलेलंच आहे.

बसवणं मामांच्या देखरेखीखाली केलं. गिअरचा पॅडल आणि गिअरबॉक्सचा आर्म यांना जोडणाऱ्या दांडीला एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे दांडी जागेवरच फिरवून तिची लांबी कमी-जास्त करता येते. दांडी आणि गिअरचा आर्म यांच्यात काटकोन आला की गिअर लोण्यासारखे पडतात. आमचा तो यायला पाऊण तास गेला. रेसिंगवाल्यांसारखा उलटा गिअर, म्हणजे पहिला वर आणि बाकी खाली, करता येत होता. नाही केला. मित्र गाडी मागून नेतात, त्यांचा जीव का घ्या. मागच्या ब्रेकच्या दांडीलाही मोकळी चाल ठेवावी लागली, तीच दिवे घाटाची गोष्ट, फक्त पायाखाली. ब्रेकलाइटच्या स्विचची स्प्रिंग नव्या जागेला आखूड पडली, ती बदलली. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून सगळ्यांना निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक).

पहिल्या दिवशी हौसेने सगळ्यात वरच्या भोकात लावलं. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा गाडीवरून उतरताना गुडघा सरळ होईना. तिथेच, टपरीच्या बाकावर बसून, एलन कीने सगळ्यात खालच्या भोकात आणलं. आता कंपनीच्या जागेपेक्षा दहा मिलिमीटर वर आणि वीस मागे आहे. साडेनऊ हजारांत दहा मिलिमीटर!

परवा सोसायटीतला एक मुलगा आला. त्याने नवीन गाडी घेतलीय, माझे जुने चौदाशेवाले लिव्हर पडून आहेत हे त्याला कुठून तरी कळलं होतं. फुकट द्या दादा म्हणाला. क्लचचा घेऊन जा म्हटलं. ब्रेकचा मी आधीच हॅकसॉने दोन तुकडे करून भंगारवाल्याला दिला होता.