सिपारियाच्या माईची वाट

गुड फ्रायडेच्या पहाटे तीन वाजता आम्ही वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या पेनालहून सिपारियाला निघालो. आजींच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत तेलाची बाटली, तांदूळ, मेणबत्त्या आणि प्लास्टिकच्या पाकिटात घडी घालून ठेवलेला एक कागद. त्या कागदासाठीच ही वारी होती.

मी फलटणची. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्रिनिदादला आले, तेव्हा शेजारच्या या ८२ वर्षांच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला सगळे आजी म्हणतात, तूही म्हण." मला वाटलं, माझ्यासाठी मराठी शब्द शिकून आल्या. पण भोजपुरीतही वडिलांची आई म्हणजे आजीच. १८४५ ते १९१७ या काळात करारावर सुमारे १ लाख ४४ हजार माणसं हिंदुस्थानातून या बेटावर उसाच्या मळ्यांत आणली गेली. त्यांची भाषा इथे हळूहळू विरली, नाती सांगणारे शब्द तेवढे घरात राहिले.

सिपारियाची माई म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चमधली ला दिव्हिना पास्तोरा, सावळी मेरीमाता. हिंदूंसाठी ती सिपारी माई. पवित्र गुरुवारी आणि गुड फ्रायडेला हिंदू तिच्याकडे तेल-तांदूळ घेऊन येतात, नवस फेडतात, बाळांचं जावळ काढतात. हल्ली बहुतेक लोक गाड्यांनी येतात. आजींना मात्र चालतच जायचं होतं.

मी सासूबाईंबरोबर तीन वर्षं फलटण ते पंढरपूर चालले आहे. चालताना माणूस घरात जे बोलत नाही ते बोलतो, हे मला माहीत होतं. दिंडीत टाळांच्या ठेक्यावर पाय पडतात. इथे एरिन रोडवर अंधार, बेडकांचा आवाज आणि आजींच्या काठीची टकटक. मी मुद्दाम काही विचारलं नाही. अर्धा तास गेल्यावर त्या आपणहून बोलू लागल्या.

त्यांच्या आजीची गोष्ट घरात एकाच पद्धतीने सांगितली जायची. ब्राह्मणाची लेक, नवऱ्याबरोबर जहाजात बसली, नवरा वाटेतच काळ्या पाण्यात गेला. इथे आल्यावर साखरेच्या कारखान्यातल्या कढईचा उकळता रस अंगावर उडाला आणि तिचा डावा कोपर भाजला. लहानपणी आजी तिच्या त्या कोपरावरून बोट फिरवायच्या. कातडी तिथे मेणासारखी गुळगुळीत होती, म्हणाल्या.

गेल्या वर्षी नातीने पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून आजींच्या त्या आजीच्या देशांतराच्या परवान्याची प्रत काढून आणली. अशा परवान्यात रकाने असत: नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. हा परवाना कलकत्त्याच्या डेपोत, जहाजात चढण्याआधी लिहिला जाई. त्यात सोबत नवरा नव्हता. जात ब्राह्मण नव्हती. आणि खुणेच्या रकान्यात लिहिलं होतं, डाव्या कोपरावर भाजल्याचा व्रण.

आजी रस्त्यातच थांबल्या. "बेटी, म्हणजे ती तिकडूनच भाजून आली होती."

मी काही बोलू शकले नाही. वय २२, एकटी, हात भाजलेला. कुणाच्या घरात भाजला, कुणी भाजला, हे सांगणारा रकाना नव्हता.

एकटी आलेली ती एकमेव नव्हती. त्या काळी शंभर पुरुषांमागे ४० बायका जहाजात असल्याच पाहिजेत, असा सरकारी नियम होता. आरकाटी म्हणजे भरती करणारे दलाल. ते तीर्थाच्या गावांत, बाजारांत, स्टेशनांवर एकट्या बायका हेरत. विधवा, टाकलेल्या, घरातून पळालेल्या. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मुकादमाकडून उचल घेऊन. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या बाईला तिथे मोजतच नाहीत. इथे एकट्या बाईची मोजणी झाली, पण भरतीचा आकडा पुरा करण्यासाठी. मळ्यावर आल्यावर पाच वर्षांचा करार, आणि परवानगीच्या चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकलं तर गुन्हा. १८८४ मध्ये मळ्यातले लोक मोहरमचे ताजिये घेऊन सान फर्नांडो शहरात निघाले, तेव्हा इंग्रज सरकारच्या पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्या बेटावर चालण्यासाठी माणसं मेली, तिथे ८२ वर्षांची बाई चालत जायचा हट्ट का धरते, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

आजींच्या मनात दुसरीही एक सल होती. त्यांचा जन्म १९४२चा. हिंदू पद्धतीच्या लग्नाला इथे कायद्याने मान्यता मिळाली १९४५ मध्ये. तोवर मांडवात अग्नीभोवती सात फेरे घेतलेल्या बाईची मुलंसुद्धा कायद्याने अनौरस. "माझ्या दाखल्यात वडिलांची जागा कोरी आहे," त्या म्हणाल्या. "शाळेत नाव घालताना आई मान खाली घालून उभी होती. ती लाज सरकारने दिलेली होती. आजीची लाज आम्हीच तिच्यावर घातली. नवरा आम्ही बनवला, जात आम्ही बनवली."

उजाडताना सिपारिया आलं. रस्त्याच्या कडेला न्हावी खुर्च्या मांडून बसले होते, आयांच्या मांडीवर पोरं रडत होती, ओढण्या घेतलेल्या बायकांची रांग लागली होती. वाखरीला पालख्या एकत्र येतात तशी गर्दी नाही, पण चेहऱ्यावरचं थकलेलं समाधान तेच. नकळत मी पुढच्या बाईला "माउली, जरा सरका" म्हणाले. ती सरकलीसुद्धा.

माईसमोर आजींनी तेल वाहिलं, तांदूळ ठेवले. मग कागद उघडून त्यावरचं नाव मोठ्यांदा वाचलं, बापाच्या नावासकट, गावासकट. ती नावं इथे लिहू नको, असं त्यांनी मला सांगितलं आहे.

बाहेर त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. तो मोटारीने आला होता, पणतवाचं जावळ काढायला. या कागदावरून वर्षभर त्याने बहिणीशी बोलणं टाकलं होतं. ब्राह्मणाचं घर म्हणून गावात त्याला मान आहे. आजी त्याच्या शेजारी टेकल्या आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला. चष्मा आणला नाही म्हणाला. मग मीच वाचून दाखवलं. जातीपाशी त्याने मान दुसरीकडे वळवली. मी वाचत राहिले. खुणेच्या रकान्याशी आले तेव्हा माझी जीभ अडखळली आणि "कोपरावर" एवढंच बाहेर पडलं.

"डाव्या," तो म्हणाला. "मी त्या कुशीला झोपायचो."